इटलीत तीन आठवडे, बरोबर सासूबाई. मागच्या वेळी निसटलेली इटली यावेळी कशी पकडू?

सांजवेळ:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

२०१६ साली आम्ही दोघं एका टूर कंपनीबरोबर इटलीला जाऊन आलो. ९ दिवस, ७ शहरं. रोज सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर, मग बस, मग उतरा, फोटो, परत बस. जेवायला रोज संध्याकाळी तीच एक पनीरची भाजी आणि जीरा राईस, कारण ग्रुपला तेच हवं होतं. फ्लोरेन्सला तो डेव्हिडचा पुतळा बाहेर चौकात बघितला आणि घरी आल्यावर कळलं की ती प्रतिकृती आहे, खरा आत म्युझियममधे असतो. फार वाईट वाटलं तेव्हा, म्हणजे इतका खर्च करून, इतकं लांब जाऊन आपण त्याच्या दारावरून परत आलो.

आता लेक बोलोन्याला मास्टर्ससाठी आहे आणि एप्रिलच्या शेवटी आम्ही तिघं तिच्याकडे तीन आठवडे जातोय, मी, अहो आणि सासूबाई. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, चालतात छान, पण शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आम्ही दोघं अंडं खातो, मांस मासे नाही. मला यावेळी यादी पुरी करायची नाहीये. एखादी गोष्ट नीट बघायची, खायची, समजून घ्यायचीये. आणि जायच्या आधी दोन महिने आहेत तर घरीपण काही करून बघावं असं मनात आहे, कारण माझा पास्ता म्हणजे दरवेळी लगदा नाहीतर कोरडा.

तर कुठे जाऊ, काय टाळू, सासूबाईंना काय खायला घालू, आणि घरी काय शिकून जाऊ? जे सुचेल ते सांगा.

---

दगडफूल:

सांजवेळ, मी सहा वर्षं बोलोन्यात होतो त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही.

पहिली गोष्ट, मुक्काम हलवूच नका. बोलोन्या असं मधोमध आहे की मोदेना, फेर्रारा, पार्मा, राव्हेन्ना सगळं ट्रेनने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. आणि इटली म्हणून एक देश असला तरी तो एकत्र आला १८६१ मधे, रोम तर त्यात १८७० ला आलं, त्याआधी शेकडो वर्षं हे सगळे वेगवेगळे राज्यकर्ते, वेगवेगळे जकातनाके, त्यामुळे अर्ध्या तासावरच्या गावात पास्त्याचा आकार बदलतो, नाव बदलतं, सारण बदलतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की सात शहरं बघायची गरजच वाटत नाही. बोलोन्यात ताल्यातेल्ले, म्हणजे पट्ट्यांचा पास्ता, फेर्राराला गेलात की भोपळ्याचं सारण भरलेले काप्पेलाच्ची, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले, वर किसलेलं चीज. ते तुम्ही दोघांनी खाच (पारीत अंडं असतं म्हणून सासूबाईंना चालणार नाही, चीजचं पुढे सांगतो).

बोलोन्यात सकाळी लवकर बाहेर पडा. जुन्या बाजाराच्या गल्ल्यांमधे ताज्या पास्त्याच्या दुकानांच्या काचेमागे बायका उभ्या असतात, त्यांना स्फोलीना म्हणतात, म्हणजे पारी लाटणारी. हातात हातभर लांब लाटणं. १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं एवढंच पीठ, ते लाटून लाटून अशी पारी करतात की पाटाची लाकडी रेघ आरपार दिसते, आणि लाटताना पारी पाटाच्या कडेवरून खाली लोंबत असते, ते मुद्दाम, त्या वजनाने ताणली जाते. मग घडी घालून सुरीने सपसप पट्ट्या. त्या पट्टीची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर असायला हवी, १९७२ मधे शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समधे सोन्याची एक पट्टीच ठेवलीये मापाला. तुमच्या सासूबाई हे बघत अर्धा तास उभ्या राहतील, मी लिहून देतो. माझी आई राहिली होती. तिला भाषा येत नव्हती, त्या बाईला मराठी येत नव्हतं, दोघी लाटणं कसं धरायचं ते एकमेकींना खुणेने दाखवत होत्या.

कमानी, म्हणजे पोर्तिची, सगळ्या शहरभर आहेत, युनेस्कोच्या यादीत २०२१ ला आल्या, पाऊस असो ऊन असो सावलीतून चालायचं. टेकडीवरच्या सान लूकाच्या चर्चपर्यंत सलग ६६६ कमानी आहेत, जवळपास पावणेचार किलोमीटर, शेवटचा भाग चढाचा. सासूबाईंना चौकातून छोटी पर्यटक गाडी मिळते वरपर्यंत, उतरताना मात्र त्यांना चालत आणा.

आता खाण्याचं, नीट वाचा कारण इथे आपली माणसं फसतात.

पार्मिज्यानो चीजमधे वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध फाडायला घालतात तो पदार्थ, असतं, त्याच्या नियमातच आहे, म्हणजे दूध, मीठ आणि रेनेट, बाकी काही घालायचं नाही. पेकोरीनो रोमानोत कोकराचं. ग्राना पादानो तसंच. त्यामुळे सासूबाई किती काटेकोर आहेत ते तुम्ही घरीच ठरवून घ्या, तिथे टेबलावर ठरवायला लागलं की सगळ्यांचं जेवण बिघडतं. सुपरमार्केटमधे 'काल्यो वेजेताले' लिहिलेली चीजं मिळतात, ती वनस्पतीजन्य रेनेटची. मिनेस्त्रोने सूपमधे मांसाचा ब्रोदो, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, असू शकतो, विचारायचं. रिसोत्तो मिलानेझे हा भात तर बोन मॅरो आणि मांसाच्या पाण्यातच. बोलोन्याकडच्या त्या फुगलेल्या तळलेल्या पुऱ्या, क्रेशेंतीने, दिसायला इतक्या ओळखीच्या की हात पुढे जातोच, पण परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. आणि नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर ट्यूना आणून ठेवतील, त्यांच्या हिशेबात तो मासा. म्हणून हे वाक्य तिघांनी पाठ करा: सोनो वेजेतारियाना, नॉन मांज्यो ने कार्ने ने पेशे, म्हणजे मी शाकाहारी आहे, मांस खात नाही, मासेही नाही (अहोंनी 'वेजेतारियानो' म्हणायचं). अंड्यासाठी पुढे 'ने उओवा' जोडायचं.

सासूबाईंसाठी पिझ्झा मारिनारा. नावावर जाऊ नका, त्यात मासा नाही आणि चीजही नाही, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल बस. पिठात पण फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. चांगल्या ठिकाणी ४५०-४८० डिग्रीच्या भट्टीत मिनिट दीड मिनिटात येतो, कडा काळ्या ठिपक्यांच्या.

जेवणाची वेळ पाळा. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर, मधे किचन बंद. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते ब्रेड आणि टेबलाचे, मेन्यूवर लिहिलेलं असतं, फसवणूक नाही. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची, एक-दीड युरोत होते, बसलात की भाव बदलतो. पण खरं कारण पैसे नाहीत, उभं राहिलं की शेजारचा माणूस बोलतो. पाच दिवस एकाच बारमधे जा, सहाव्या दिवशी तुम्ही दारात दिसलात की कप लागलेला असेल.

---

खलबत्ता:

दगडफूल यांनी तिकडचं सांगितलं, मी घरचं सांगते, कारण मी इटलीला एकदाच गेलेय पण गेली बारा वर्षं ओट्यावर हेच चाललंय.

सांजवेळ, लगदा होतो तो दोन कारणांनी, पाणी कमी आणि वेळ जास्त. १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, हे प्रमाण डोक्यात बसवा. पाण्यात तेल घालू नका, सॉस चिकटत नाही मग. पाकिटावर जी मिनिटं लिहिलीत त्याच्या दोन मिनिटं आधी काढायचा आणि उरलेलं शिजणं सॉसच्या कढईत, तेच पाणी डावभर डावभर घालत. ते पांढुरकं पाणी म्हणजे सगळा जीव आहे, त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं. मी आधी वर्षानुवर्षं ते सिंकमधे ओतत होते आणि मग सॉस सुटा राहतो म्हणून क्रीम घालत होते.

आणि सासूबाईंच्या अंड्याची काळजी सोडा. सुका पास्ता सहसा फक्त ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी असतो (पाकिटावर 'उओवो' लिहिलंय का तेवढं बघा), इटलीत तर सुक्या पास्त्याला ड्युरमच वापरायचा असा कायदा आहे. ड्युरम म्हणजे आपल्याकडे ज्याला बन्सी गहू म्हणतात त्याच जातीचा. दक्षिणेकडे, पुल्या प्रांतात, ताजा पास्ताही अंड्याशिवाय करतात, बारी गावाच्या जुन्या गल्लीत बायका दारात टेबल टाकून ओरेक्येत्ते करत बसलेल्या असतात, म्हणजे छोटे कान. ४०० ग्रॅम बारीक दळलेला रवा, २०० मिली कोमट पाणी, चांगलं मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग करंगळीएवढी वळकटी, एक सेंटिमीटरचे तुकडे, प्रत्येक तुकड्यावर बोथट सुरी टेकवून आपल्याकडे ओढायची, तो गुंडाळून येतो, तो अंगठ्यावर उलटा करायचा. पहिले पन्नास वाकडे येतील. ज्यांच्या हाताला शेवया, गव्हले वळायची सवय आहे त्यांना दहाव्यातच जमतं, म्हणून सांगते हे काम सासूबाईंना द्या. तिकडे खाताना मात्र सांभाळा, ओरेक्येत्ते बरोबर जी कडवट पालेभाजी देतात त्यात बहुतेकदा अँकोव्ही, म्हणजे छोटे मासे, असतात, 'अच्चूगे' हा शब्द लक्षात ठेवा.

दुसरं, फारिनाता. बेसनाची, ओव्हनमधे भाजलेली जाडसर पोळी, जेनोवाकडची. हे तुम्ही या रविवारीच करा. ३०० ग्रॅम बेसन, ९०० मिली पाणी, मीठ, गुठळ्या मोडून चार-पाच तास तसंच ठेवायचं, वर फेस येतो तो काढून टाकायचा, मग सढळ हाताने ऑलिव्ह ऑइल. पसरट ट्रेमधे जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर, ओव्हन जितका तापतो तितका तापवून, वर रोझमेरी, आणि बाहेर काढल्यावर भरपूर मिरपूड. त्यांचं पीठ काबुली चण्याचं असतं, आपलं हरभऱ्याच्या डाळीचं, त्यामुळे चव थोडी जड येते, पण कडेला कुरकुरीत आणि मधे मऊ, कस्टर्डसारखं, ते तसंच होतं. हळद मोहरी घालायचा मोह होईल, पहिल्यांदा तरी नका घालू. मोजक्याच गोष्टी आहेत, तेलाचा वास यायला जागा राहू द्या.

पेस्तो म्हणजे बेझिलची हिरवी चटणी. मिक्सरमधला पेस्तो आणि दगडी खलातला पेस्तो यात काय फरक आहे ते शब्दात सांगता येत नाही मला. मिक्सरमधे पानं तापून काळवंडतात. खलात आधी लसूण आणि जाड मीठ, मग तुळस (आपली पूजेची नाही, तिचा वास वेगळा, गोड बेझिल घ्या), गोल गोल रगडायचं, कुटायचं नाही, मग पाइन नट, मग चीज, शेवटी तेल. आणि विस्तवावर न्यायचाच नाही. तिकडे त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी उकडून पास्त्याबरोबर कालवतात, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला कळेचना की बटाटा आणि पास्ता एकत्र कसा काय इतका छान लागतो.

---

पाऊलवाट:

खाण्याचं झालं, मी एकाच जागेचं सांगतो. राव्हेन्ना. बोलोन्याहून ट्रेनने सव्वा तास वगैरे.

तिथे गाल्ला प्लाचीदिया या रोमन सम्राज्ञीची समाधी म्हणून विटांची एक बुटकी इमारत आहे, पाचव्या शतकातली, बाहेरून बघाल तर पाणी सोडायची खोली वाटेल. आत शिरल्यावर अर्धं मिनिट काहीच दिसत नाही. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधाच्या रंगाचा उजेड येतो, आणि मग हळूहळू डोक्यावरचं निळं छत उमटायला लागतं, त्यावर सोनेरी चांदण्या, खाली पाणी पिणारी हरणं, वाटीच्या काठावर बसलेले पारवे. हे सगळं काचेच्या बारीक तुकड्यांचं, मोझेइक, आणि ते तुकडे सपाट नाही बसवलेले, प्रत्येक जरासा तिरका, म्हणून तुम्ही मान हलवली की चमक सरकते. गर्दीच्या दिवसांत आत पाचच मिनिटं थांबू देतात, वेळ आधी बुक करावी लागते, तेव्हा त्या पाच मिनिटात फोन खिशात ठेवा. मी पहिल्यांदा फोन काढला होता आणि माझ्याकडे आज फक्त अंधारे फोटो आहेत. दुसऱ्यांदा गेलो ते फक्त बघायला.

शेजारीच सान विताले चर्च, ५४७ मधे अर्पण झालेलं, तिथे सम्राज्ञी थेओदोरा आपल्या सख्या-दासींसह भिंतीवरच्या मोझेइकमधे उभी आहे, सासूबाईंना तिचे दागिने दाखवा. आणि गावात दान्ते या महाकवीची कबर. फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं, तो १३२१ ला राव्हेन्नात वारला, आणि आता दरवर्षी सप्टेंबरमधे फ्लोरेन्स त्याच्या कबरीवरच्या दिव्यासाठी तेल पाठवतं. मला ही गोष्ट फार भावते.

मुक्काम हलवू नका म्हणतायत ते पटतं, पण रोमला दोन दिवस तरी द्याच. वेगवान ट्रेनने दोन-सव्वादोन तास. पँथिऑन म्हणजे जुनं रोमन देऊळ, २०२३ मधे त्याला ५ युरो तिकीट लागू झालं, घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आत लोखंड नाही, नुसतं काँक्रीट, आणि मधोमध उघडं भोक, पाऊस थेट फरशीवर पडतो आणि फरशीला जो हलका उतार आणि बारीक छिद्रं आहेत त्यातून वाहून जातो, अठराशे-एकोणीसशे वर्षं. पावसाची सर आली तर रांग सोडू नका, आत जा. पेन्तेकोस्त या ख्रिस्ती सणाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, त्याच भोकातून अग्निशमन दलाची माणसं गुलाबाच्या पाकळ्या सोडतात, तुमच्या तारखांत बसतंय का बघा.

रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशिनमधे छाप मारून घ्यायचा. आम्ही विसरलो, तिकीट हातात असूनही दंड भरावा लागला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात पण गर्दी प्रचंड, सासूबाईंबरोबर तो दिवस टाळा. आणि डेव्हिड! आकादेमिया म्युझियममधे आहे, ५.१७ मीटर. बोलोन्याहून फ्लोरेन्स चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. आधी बुकिंग करा आणि या वेळी भेटून या त्याला.

---

उत्तरवारा:

मी बॉस्टनला असते. थोडं वेगळं लिहिते कारण 'खरं इटालियन' 'खोटं इटालियन' यावर लोक फार पटकन निकाल देतात आणि मला ते खटकतं.

इथे नॉर्थ एंड म्हणून जुना इटालियन भाग आहे. १८८० ते १९२० च्या दरम्यान जवळपास ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेचे, गरीब शेतकरी. गावाकडे मांस सणाला मिळायचं, इथे रोज परवडायला लागलं, मग मीटबॉल मोठे झाले आणि स्पगेटीच्या डोक्यावर जाऊन बसले. इटलीत तसं मिळत नाही, तिथे पोल्पेत्ते, म्हणजे मीटबॉल, वेगळे खातात. पण ते खोटं कसं, ती त्या माणसांच्या भुकेची आणि मग पोट भरल्याची गोष्ट आहे. बुएनोस आयरेसला इटालियन वंशाचे खूप, तिकडे दर महिन्याच्या २९ तारखेला न्योक्की, म्हणजे बटाटा-मैद्याचे छोटे गोळे, खातात आणि ताटाखाली नोट ठेवतात, पगाराआधीचे दिवस, घरात बटाटा आणि मैदाच उरलेला असायचा.

ऑगस्टच्या शेवटी इथे सेंट अँथनीचा उत्सव असतो, १९१९ पासून. मूर्ती खांद्यावर गल्लीगल्लीतून निघते, लोक गॅलरीतून पैशाच्या माळा खाली सोडतात, पुढे बँड. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होते, पालखी आठवली. शेजारच्या एका म्हातारीने हात धरला आणि आत घेऊन गेली, कॉफी दिली. तिचे आजोबा सिसिलीचे.

म्हणून सांगते, इटली जितकी तिकडे आहे तितकी तिच्या बाहेर पडलेल्या माणसांतही आहे. आणि डिसेंबर २०२५ मधे दिल्लीला युनेस्कोची बैठक झाली त्यात इटालियन स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, एखादा पदार्थ नाही, अख्खी रांधायची, एकत्र बसून जेवायची पद्धत. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही घेतलं. एकाच दिवशी दोघांची नावं वाचून मला कोण आनंद झाला.

---

सांजवेळ:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचून काढलं, अहोंना मोठ्याने वाचून दाखवलं.

रविवारी फारिनाता केली. पहिला थर जाड झाला, मधे कच्चट राहिलं, दुसरा अगदी पातळ ओतला तर कडा अशा सुटल्या की सासूबाईंनी ट्रेमधूनच खायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं मिरपूड अजून हवी होती. चीजचं त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या मला सांगितलंस ते बरं केलंस, मी नाही खाणार, तुम्ही खा. तेव्हा तो प्रश्न मिटला.

दगडफूल, एक विचारायचं राहिलं. पार्मिज्यानो जिथे करतात तो कारखाना बघता येतो का? सासूबाई खाणार नसल्या तरी अहोंना बघायचंय. आणि मोदेनाच्या त्या बाल्सामिक व्हिनेगरचं काय, ते सासूबाईंना चालेल ना?

---

दगडफूल:

येतो ना बघता, पण सकाळी लवकर पोचावं लागतं, काम सकाळीच उरकतं. आदल्या संध्याकाळचं साय काढलेलं दूध आणि सकाळचं ताजं, तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या कढईत. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि चाक भरतं ४० किलोच्या आसपास, मग कमीत कमी १२ महिने फळीवर. अहोंना सांगा, कोठारात एक माणूस छोटी हातोडी घेऊन प्रत्येक चाकावर ठोकत कान लावून ऐकत असतो, आत पोकळी आहे का ते आवाजावरून कळतं. मडकं घेताना वाजवून बघतात तसंच.

व्हिनेगर बिनधास्त. आटवलेला द्राक्षाचा रस, दुसरं काही नाही. वेगवेगळ्या लाकडांची, लहान होत जाणारी पिंपं माळ्यावर ओळीने, कमीत कमी १२ वर्षं, जुनं म्हणवणारं २५. पण बाटलीवर 'त्रादित्सिओनाले' शब्द हवा आणि ती १०० मिलीची बुटकी बाटली, बाकी सुपरमार्केटचं वेगळं. व्हॅनिला आइस्क्रीमवर चार थेंब. सासूबाईंना चमच्यात नुसतंच द्या आधी.

---

सांजवेळ:

चमचा बरोबरच घेते मग. आत्ता ओट्यावर पंचा अंथरून ओरेक्येत्ते वाळत ठेवलेत, माझे तीस, सासूबाईंचे शंभराच्या वर, लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवले तर ती म्हणाली आजीचे कुठले ते विचारायची गरजच नाही. त्या आता देवघरापाशी बसून 'ने कार्ने ने पेशे ने उओवा' म्हणतायत.